टेलरबाईंचं खरं वजन

कपडे घट्ट व्हायला लागले की माणसं आरशाला दोष देतात, धुलाईवाल्याला देतात, फारच झालं तर दोन घास कमी खातात. टेलरबाईंनी यातलं काही केलं नाही. त्यांनी आपल्या गाऊनची शिवण उसवली, दोन बोटं सैल केली आणि पुन्हा मशीन मारली. महिन्याभराने आणखी दोन बोटं. तिसऱ्या खेपेला शिवणीत राखलेलं जादा कापड संपलं, तेव्हा त्यांनी बगलेखाली पट्टी जोडली. ती इतकी बेमालूम बसली की त्या दिवशी बाई स्वतःवरच खूश होत्या. पोट वाढत होतं, हातपाय वाळत होते, चार घासांत गच्च वाटत होतं. पण जिच्या हाताशी टेप, कात्री आणि मशीन आहे, तिला आपलं कुठलंही दुखणं आधी फिटिंगचंच वाटणार.

"चाळीस वर्षं गावाची पोटं झाकली," त्या म्हणायच्या, "माझं एक झाकता येणार नाही का मला?"

त्यांचा मुलगा वजनमापे खात्यात निरीक्षक होता. बाजारात त्याला तोंडावर काटेसाहेब म्हणत आणि पाठ फिरली की नुसतं काटा. बावीस वर्षांत त्याने एकाही दुकानदाराला सोडलं नव्हतं. सख्ख्या मामाचा तराजूही त्याने जप्त केला होता, आणि तेव्हापासून मामा बहिणीशी बोलताना त्याचा उल्लेख 'तुझा इन्स्पेक्टर' असा करत. एकदा आईने पाठीमागून टेप धरायला त्याला बोलावलं आणि त्याने सवयीने आकडा वहीत टिपला. कंबर नऊ इंच वाढली होती आणि वजन होतं तिथेच होतं. हे त्याच्या खात्याच्या कुठल्याही नियमात बसेना. दुसऱ्या दिवशी तो आईला घेऊन दवाखान्यात गेला.

डॉक्टरीणबाईंनी पोटातून पाच लिटर पाणी काढलं. मग तपासण्या झाल्या, आणि मग त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं की अंडाशयाचा कॅन्सर आहे, पोटात पसरलाय, तिसरा टप्पा आहे.

"टप्पे एकूण किती?" आईने विचारलं.

"चार."

"म्हणजे एक शिल्लक आहे," आई म्हणाली.

ठरलं ते असं: तीन-तीन आठवड्यांनी केमोचे तीन डोस, त्याने गाठी आकसतील, मग ऑपरेशन करून त्या काढायच्या, मग पुन्हा तीन डोस. मुलगा हे उतरवून घेत होता तोवर आईला कळलंही होतं. "नवं कापड आधी पाण्यातून काढायचं, आटायचं तेवढं आटू द्यायचं आणि मगच कात्री लावायची. बरोबर आहे. मीही तसंच करते."

"अगदी तसंच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फक्त मावशी, एक लक्षात ठेवा. पाणी काढल्यावर तुमचं वजन भरलंय चव्वेचाळीस. खायचं, प्यायचं, हे सांभाळायचं. बेचाळीसच्या खाली गेलात तर ऑपरेशन मी पुढे ढकलीन. अशक्त माणसाला मी टेबलावर घेत नाही."

आईने हे वाक्य ऐकलं ते बाजारातली माणसं कायदा ऐकतात तसं. कायदा काय म्हणतो याकडे त्यांचं लक्ष नसतं. निरीक्षक नेमकं कुठे बघतो, एवढंच ते टिपून घेतात.

पहिला डोस झाला. केस गेले, त्याचं आईला विशेष वाटलं नाही. उरलेल्या कापडातून तिने चार टोप्या शिवल्या आणि टोपीला साजेसा, जाड अस्तराचा, घोळदार एक गाऊन. "दवाखान्यात फार गार करून ठेवतात," ती म्हणाली. बोटांची टोकं मात्र बधिर झाली. सुईच्या नाकात दोरा ओवता येईना, म्हणून सून कामावर जाताना वीसेक सुया ओवून उशीला टोचून ठेवायची. आणि जेवण जाईना. सगळ्याला पत्र्याची चव येते, असं आईचं म्हणणं. सूप पत्र्याचं, अंडं पत्र्याचं, दूध तर वितळवलेला पत्रा.

मुलाने आपल्या परीने उपाय केला. तो ताट वाढल्यावर एकदा आणि उठल्यावर एकदा, अशी स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर दोनदा ताटं मोजू लागला. फरक वहीत लिही. दुपारी एकशे चाळीस ग्रॅम. रात्री नव्वद.

"अरे, जेवताना असा समोर वही घेऊन बसू नकोस," आई म्हणाली. "घास घशात जातानासुद्धा पावती मागतोय असं वाटतं."

एवढ्याशा खाण्यावर वजन घटायला हवं होतं. दुसऱ्या डोसला ते भरलं त्रेचाळीस किलो तीनशे. तिथवर ठीक. पण पुढच्या तपासणीला भरलं त्रेचाळीस सातशे. सिस्टर म्हणाली, "वा आजी!" आई म्हणाली, "मावशी म्हण," आणि काट्यावरून जपून, दोन्ही हातांनी गाऊन सावरत उतरली. मुलगा रात्रीपर्यंत बेरजा करत होता. दिवसाला पाव किलोही न खाणारं माणूस वजनाने वाढतंय, हे सृष्टीत घडत नाही. त्याने बावीस वर्षांच्या अनुभवावरून निष्कर्ष काढला की काटा खोटा आहे.

तिसऱ्या डोसच्या आठवड्यात तो मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत खात्याची प्रमाण वजनं ट्रॉलीवर घालून दवाखान्यात हजर झाला आणि बाह्यरुग्ण विभागाच्या कोपऱ्यात बसकण मारली.

"अहो, हे काय चाललंय?" सिस्टर धावत आली.

"तपासणी."

"कोणाची?"

"काट्याची."

"डॉक्टरांनी लिहून दिलीय का?"

त्याने ओळखपत्र दाखवलं. सिस्टरने ते उलटसुलट बघितलं आणि 'उपाशीपोटी करायची का ही?' असं विचारून ती बाजूला उभी राहिली. बाकांवरच्या पेशंटांना बऱ्याच दिवसांनी काहीतरी बघायला मिळालं होतं. एक आजोबा उठून आले. "साहेब, हा काटा मला दोन महिने कमी-कमीच दाखवतोय. माझंही बघा जरा."

त्याने वीस किलो ठेवून बघितले, चाळीस ठेवून बघितले, चारही कोपऱ्यांवर ठेवून बघितले. काटा धुतल्या तांदळासारखा निघाला.

"म्हणजे माझं खरंच कमी होतंय?" आजोबांनी विचारलं.

"हो," तो म्हणाला, आणि मग त्याला वाटलं की आपण हे जरा वेगळ्या तऱ्हेने सांगायला हवं होतं. पण कशा तऱ्हेने ते सुचेना, म्हणून त्याने आजोबांना हात धरून बाकापर्यंत नेऊन बसवलं. खात्यात असताना हे त्याने पहिल्यांदाच केलं.

खात्याचा नियम सोपा आहे. काटा बरोबर असेल तर खोट मालात. आणि माल म्हणजे आपली आई, हे लक्षात यायला त्याला घरापर्यंतची वाट पुरली नाही. ते त्याला घरी पोचल्यावर बायकोने सांगितलं, तेही वेगळ्याच निमित्ताने.

"अहो, हे पडदे बघा ना. हल्ली वेड लागल्यासारखे उडतात. सकाळी एक माझ्या चहात बुडाला."

पडदे आईनेच शिवले होते. सरळ पडावेत म्हणून त्यांच्या खालच्या दुमडीत तिने शिशाची बटणाएवढी वजनं घातली होती. पडदे शिवणारे सगळेच घालतात. त्याने दुमड चाचपली. रिकामी. टाके उसवून पुन्हा घातले होते, इतके सफाईने की दुसऱ्या कोणाला शंका येऊ नये. तो आईच्या कपाटाकडे गेला. नवा गाऊन ज्या हँगरला लटकत होता त्याचे खांदे वाकले होते. त्याने गाऊन छोट्या काट्यावर ठेवला. दोन किलो सातशे ग्रॅम. असल्या कापडाचा गाऊन चारशेच्या वर भरत नाही. राहिले दोन किलो तीनशे. त्याने वही काढून मागचे आकडे लावले. दुसऱ्या डोसला साधारण नऊशे, तपासणीला सोळाशे, आता तेवीसशे. एकदम नाही, बेताबेताने, संशय येणार नाही अशा चढाने. बाजारातल्या भल्याभल्यांनी एवढं डोकं लावलं नव्हतं. क्षणभर त्याला अभिमानच वाटला.

आई पुढच्या खोलीत, म्हणजे दुकानात, गिऱ्हाइकाच्या कोटाला बटण लावत होती. हल्ली ती बटणांचीच कामं घ्यायची.

"आई, तुझा गाऊन जड आहे."

"अस्तर आहे त्याला."

"शिशाचं?"

आईने दोरा दाताने तोडला. "कोणी सांगितलं?"

"पडद्यांनी."

"मेले चहाडखोर," आई म्हणाली.

"तुला सुई ओवता येत नाही. मग हे शिवलंस कसं? सुया कोणी ओवून दिल्या?"

"मी दिल्या," सून आतून म्हणाली. "कशाला ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मला यात ओढू नका."

तो स्टुलावर बसला. "आई, हे खोटं आहे."

"तुझ्या लग्नातल्या कोटाच्या खांद्यांत मी दोन-दोन बोटं कापूस भरला होता. तेव्हा नाही म्हणालास खोटं."

"तो कोट होता!"

"आणि हा गाऊन आहे." आईने कोट घडी घालून बाजूला ठेवला. मग ती जरा हळू बोलली. "हे बघ. ते आत आहे, आणि मला ते बाहेर हवंय. ऑपरेशनची तारीख मिळालीय. बेचाळीसच्या खाली गेले तर ती बाई तारीख काढून घेईल. मग पुढची कधी? तोवर ते आत बसून काय करणार, विणकाम? मी खायचा प्रयत्न करते रे. तू बघतोसच, तुझ्या वहीत आहे सगळं. नाही जात. मग जे हातात आहे ते केलं."

यावर खात्याचा नियम कोणता, ते त्याला आठवेना.

"तू काही बोलायचं नाहीस तिथे. शपथबिपथ नको. नुसतं हो म्हण."

"हो," तो म्हणाला.

पुढचे दोन दिवस बाजाराच्या इतिहासात नोंद व्हावी असे गेले. काटेसाहेबांनी एकही तराजू जप्त केला नाही. एका किराणा दुकानात किलोमागे पन्नास ग्रॅम मारलेले त्यांनी डोळ्यांनी बघितले आणि "जरा बघत जा," एवढंच म्हणून ते पुढे गेले. तो दुकानदार इतका घाबरला की गल्ला सोडून रस्त्यापर्यंत मागे आला. "साहेब, घरी सगळं बरं आहे ना?"

तिसऱ्या डोसच्या दिवशी सकाळी आई गाऊन घालून काट्यावर चढली. मुलगा भिंतीवरची हात धुण्याची पद्धत वाचत होता. तिच्यात सात पायऱ्या होत्या आणि त्या त्याने चारदा वाचल्या.

"त्रेचाळीस नऊशे!" सिस्टर म्हणाली. "आजी, कमाल आहे बाई तुमची."

"मावशी," आई म्हणाली.

सिस्टरने आकडा लिहिला आणि फोन उचलला. "हं, औषध बनवायला घ्या. वजन लिहा, त्रेचाळीस पॉइंट नऊ. उंची..."

आई काट्यावरून उतरता-उतरता थांबली. "औषध बनवायला माझं वजन कशाला लागतं?"

"म्हणजे काय? प्रत्येकाचं वेगळं असतं ना. वजन, उंची, रक्ताचे आकडे बघून तुमच्यापुरतं मोजून करतात. तयार नसतं ते बाटलीत भरलेलं."

"माझ्या मापाने?"

"तुमच्याच मापाने. कमी पडलं तर उपयोग नाही, जास्त झालं तर त्रास."

आई उभी राहिली. मुलाला वाटलं तिला चक्कर येतेय, म्हणून तो पुढे झाला. पण आईचा चेहरा तो नव्हता. हा चेहरा त्याने लहानपणी पाहिला होता. दुकानात कधी कोणी दुसऱ्याच्या मापाचा जुना शर्ट नमुन्याला आणून दिला की तिचा असा चेहरा व्हायचा.

"फोन ठेवू नकोस," आई सिस्टरला म्हणाली. "त्यांना सांग, अजून कापू नका. माप चुकलंय."

"काय?"

"माप चुकलंय म्हणते मी! चुकीच्या मापावर कात्री लावत नाहीत. सांग त्यांना. आणि तुझ्याकडे छोटी कात्री असेल तर दे."

मग आई बाकावर बसली आणि तिने गाऊनचा घोळ मांडीवर घेतला. बधिर बोटांना टाका सापडेना, तेव्हा तिने तो मुलापुढे धरला. "बघतोस काय? उसव." तो गुडघ्यावर बसून उसवू लागला. शिशाची वजनं एकेक करून सिस्टरच्या स्टीलच्या ट्रेमध्ये पडू लागली. टण्, टण्, टण्. सिस्टर फोन कानाला तसाच धरून उभी होती. पलीकडून कोणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं.

"आता बघ," आई म्हणाली आणि पुन्हा काट्यावर चढली.

एक्केचाळीस किलो सहाशे.

डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी ट्रे बघितला, आकडा बघितला, गाऊनची लोंबणारी दुमड बघितली. "मावशी, मी ऑपरेशन कोणावर करायचं होतं? या गाऊनवर?"

"तुम्ही तारीख काढून घेतली असती."

"मागच्या डोसलाही होतं हे?"

"थोडं. नऊशे ग्रॅम."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर काहीतरी गणित केलं. "एवढ्याने बिघडलेलं नाही काही. तुमचं नशीब. आणि माझंही." मग त्या मुलाकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"दोन दिवसांपासून."

"तुम्ही कुठे असता कामाला?"

"वजनमापे खात्यात," तो म्हणाला. "निरीक्षक."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्याच्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. आईलाच दया आली. "त्याला बोलू नका. मीच गप्प बसवलं होतं त्याला. एरवी तो कोणाला सोडत नाही. मामालासुद्धा नाही."

तिसरा डोस त्या दिवशी एक्केचाळीस सहाशेच्या मापाने दिला गेला. बोटांच्या बधिरपणाबद्दल आईने तोवर दवाखान्यात चकार शब्द काढला नव्हता. सुयांचा विषय निघाला म्हणून तोही कळला आणि डॉक्टरीणबाईंनी डोसात आणखी थोडी काटछाट केली. ऑपरेशन दहा दिवस पुढे गेलं. आईने तारीख बदललेला कागद हातात घेतला, त्याची घडी घातली आणि ती पिशवीच्या तळाशी कोंबली. घरी आल्यावर फक्त, "ते कुठलं दूध प्यायला सांगितलंय त्या बाईने, ते आण," एवढंच म्हणाली.

ते दूध पत्र्याहून वाईट होतं. आईने ते दिवसातून सहादा प्यायलं, नाक दाबून, घोट मोजून. मुलाने वही बंद करून ठेवली आणि समोर बसून स्वतःही एकेक पेला पिऊ लागला, म्हणजे निदान शिव्या द्यायला दोघं असतील. दोन आठवड्यांत त्याचं वजन तीन किलोंनी वाढलं. आईचं तीनशे ग्रॅमनी.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी काट्याने दाखवलं एक्केचाळीस किलो नऊशे. आईने या खेपेला दवाखान्याचाच पातळ झगा घातला होता आणि चढण्यापूर्वी सिस्टरसमोर दोन्ही हात पसरून दाखवले होते.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचे कागद चाळले. "प्रथिनं सुधारली आहेत. चालता नीट, जिना चढता. चालेल. उद्या करू."

"पण शंभर ग्रॅम कमी आहेत," मुलगा म्हणाला. "तुम्हीच म्हणाला होतात, बेचाळीसच्या खाली..."

आईने त्याच्या पायावर पाय दिला. एक्केचाळीस नऊशेच्या मानाने तो चांगलाच जड होता.

ऑपरेशन साडेपाच तास चाललं. मुलगा बाहेर बसला होता, सून त्याच्या शेजारी. तिने एकदाच विचारलं, "भूक लागलीय का?" तो म्हणाला, "नाही," आणि तिने डब्यातलं अर्धं त्याच्या हातावर ठेवलं ते त्याने खाल्लं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा तो इतक्या घाईने उठला की डबा सांडला.

"व्यवस्थित आहेत. जे-जे दिसलं ते सगळं काढलंय. डोळ्यांना दिसेल असं आत काही ठेवलेलं नाही."

"किती उरलं असेल?"

"दिसलं नाही म्हटलं ना."

"म्हणजे अंदाजे? मिलिमीटरमध्ये?"

"अहो, जे दिसतच नाही ते मोजू कशाने? न दिसणारं असणार थोडंफार. त्यासाठीच पुढचे तीन डोस आहेत. ते परत येतं की नाही, ते आज मी सांगू शकत नाही, आणि दुसरं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका." त्या जायला निघाल्या आणि थांबल्या. "पण आजचं काम चांगलं झालंय. हे मी मोजूनमापून बोलतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आत सोडलं. आई नळ्यांच्या जंजाळात पडली होती, टोपी एका कानावर घसरलेली. तिने डोळे उघडले.

"काढलं?"

"हो. डोळ्यांना दिसेल ते सगळं काढलं म्हणाल्या."

आईने ह्यावर विचार केला. वेळ लागला, पण केला.

"चष्मा लावला होता का तिने?"

"ते मी विचारलं नाही."

"मग विचार ना. एवढं मोठं काम, आणि हा विचारत नाही. जा."

तो गेला. डॉक्टरीणबाई वॉर्डाच्या दाराशी हात धूत होत्या, भिंतीवरच्या सातव्या पायरीवर होत्या. त्याने विचारलं. त्यांनी नळ बंद केला, त्याच्याकडे बघितलं आणि सरळ उत्तर दिलं. तो परत आला.

"लावला होता. साधा नाही, भिंग बसवलेला. सगळं मोठं दिसतं म्हणे त्यातून."

"मग ठीक आहे," आई म्हणाली आणि तिने डोळे मिटले. मुलाने तिची टोपी सरळ केली.